लहान बाळांचा गॅस्ट्रो: उलट्या, जुलाब आणि आतड्यातले विषाणू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री दोनला बाळानं अंथरुणातच उलटी केली, पहाटेपर्यंत चार वेळा पातळ शी झाली आणि आता तुम्ही फोन हातात घेऊन हे वाचताय, असं असेल तर फक्त पहिले दोन प्रश्न वाचा. बाकीचं बाळ झोपल्यावर वाचलं तरी चालेल.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

खालचं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

- बाळ निपचित पडलंय, हाक मारली तरी नीट डोळे उघडत नाही, दूध ओढायचंही त्राण नाही.
- सहा ते आठ तासांत शू झालेली नाही.
- डोळे खोल गेलेत, टाळू खाली बसलीय, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही.
- हातपाय गार पडलेत, श्वास भराभर चाललाय.
- उलटी हिरवी आहे, किंवा उलटीत रक्त आहे.
- शीमध्ये रक्त आहे.
- पोट फुगून कडक झालंय, किंवा बाळ थांबून थांबून किंचाळतं आणि पाय पोटाशी घेतं.
- झटका आला.
- बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे आणि अंगात ताप आहे.

हिरव्या उलटीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण घरात ती बऱ्याचदा 'पित्त पडलं' म्हणून सोडून दिली जाते. लहान बाळाची गडद हिरवी उलटी आतडं कुठेतरी अडल्याची खूण असू शकते. तिला काही तासांचाही उशीर परवडत नाही.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दिवस भरण्याआधी जन्मलेलं, वजन फार कमी असलेलं, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं बाळ यांच्या बाबतीत यातलं एकही लक्षण दिसायची वाट न पाहता डॉक्टरांशी लवकर बोला.

बाळ प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय. मग पाजायचं कसं?

बहुतेक वेळा चूक होते ती घाईची. बाळाला तहान लागलेली असते, ते भांडं हिसकावून घटाघटा पितं, आपल्यालाही बरं वाटतं, आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. सुजलेल्या जठराला एकदम ताण सोसत नाही. थोडं थोडं मात्र चालतं.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग वाटी-चमचा घ्या आणि दर एक-दोन मिनिटांनी एकच छोटा चमचा ओआरएस (जलसंजीवनी, म्हणजे पुडीतलं मीठ-ग्लुकोजचं पाणी) द्या. बाळाला चमचा नको असेल तर सुई नसलेली सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडा. पुन्हा उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश सुरू करा. उलटी झाली म्हणजे दिलेलं सगळंच वाया गेलं, असं नसतं. काही भाग तोवर पुढे आतड्यात उतरलेला असतो.

एका चमच्यानं काय होणार, असं वाटतं. हिशेब करून बघा. पाच मिलिलिटरचा चमचा दर दोन मिनिटांनी दिला तर तासाला १५० मिलिलिटर होतात, चार तासांत ६००. अंगातलं पाणी मध्यम प्रमाणात कमी झालेल्या बाळाला पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठ किलोच्या बाळासाठी ते नेमकं ६०० मिलिलिटर भरतं. म्हणजे आईबाबांनी आळीपाळीनं चार तास बसून चमच्यानं पाजलं, तर दवाखान्यात बाळाला जेवढं द्यायचं ठरवतात तेवढंच पाणी त्याच्या पोटात जातं. हे काम कंटाळवाणं आहे, हात भरून येतो, पण या आजारात याच्याइतकं गुणकारी दुसरं काहीच नाही.

गॅस्ट्रो म्हणजे नेमकं काय, आणि तो कशामुळे होतो?

जठराच्या आणि आतड्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की उलट्या, पातळ शी, पोटात कळा आणि कधी ताप असा त्रास होतो. रोजच्या बोलण्यात आपण त्याला गॅस्ट्रो म्हणतो. जिवाणू आणि परजीवी यांच्यामुळेही तो होतो, पण लहान मुलांत विषाणूंचा वाटा मोठा.

त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध रोटाव्हायरस. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि पेशींमध्ये चाकासारखे गोल कण दिसले. लॅटिनमध्ये चाकाला 'रोटा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. तोपर्यंत असंख्य मुलांच्या जुलाबांचं कारण 'अज्ञात' असंच लिहिलं जायचं. पाच वर्षांचं होईपर्यंत रोटाव्हायरस एकदाही न गाठलेलं मूल जगात कुठेही क्वचितच सापडेल. यात सहसा ताप आणि उलट्या आधी येतात, मग पाण्यासारखे जुलाब सुरू होतात.

नोरोव्हायरस मोठ्यांनाही सोडत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नॉरवॉक गावच्या शाळेत एक साथ आली. तिच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन यांनी हा विषाणू पाहिला. नाव त्या गावावरूनच आलं. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत तो एकदम उसळतो, उलट्या जोराच्या होतात, आणि एक ते तीन दिवसांत ओसरतो. घरातली सगळी माणसं एकापाठोपाठ एक आडवी झाली, तर बहुधा हाच.

अ‍ॅडिनोव्हायरसचे ४० आणि ४१ हे प्रकार हळू चालीचे. जुलाब आठवडाभर, कधी त्याहून जास्त रेंगाळतात. चांदणीच्या आकाराचा अ‍ॅस्ट्रोव्हायरस आणि जपानच्या सप्पोरो शहरावरून नाव पडलेला सॅपोव्हायरस सहसा सौम्य त्रास देतात.

विषाणू आतड्यात जाऊन असं काय करतो, की इतकं पाणी बाहेर पडतं?

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्न आणि पाणी शोषून घेणाऱ्या पेशी त्यांच्या टोकाशी असतात, आणि रोटाव्हायरस नेमका त्यांच्यातच शिरतो. या पेशी झडल्या की शोषण कमी होतं. न पचलेली साखर आतड्यात पडून राहते आणि पाणी खेचून घेते. शिवाय हा विषाणू एक प्रथिन तयार करतो, जे विषासारखं काम करून आतड्याला आणखी पाणी सोडायला लावतं.

दिलासा देणारी गोष्ट अशी की आतड्याचं अस्तर शरीरातल्या सगळ्यात वेगानं नव्या होणाऱ्या भागांपैकी आहे. साधारण तीन ते पाच दिवसांत जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. बाळ बरं होतं ते याच दुरुस्तीमुळे. तेवढे दिवस त्याच्या अंगात पाणी टिकवून धरायचं, एवढंच काम आपल्याकडे असतं.

अंगातलं पाणी कमी होतंय, हे घरी कसं ओळखायचं?

आईबाबा शी मोजतात. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य असतं, 'सकाळपासून अकरा वेळा झाली.' तो आकडा सांगायलाच हवा, पण माझ्या मते त्याहून शू मोजणं जास्त उपयोगाचं. दहा वेळा शी झालेलं, पण नीट पिणारं, शू करणारं आणि मधूनच खेळणारं बाळ तुलनेनं सुरक्षित असतं. तीनच वेळा शी झालेलं, पण शू बंद होऊन मलूल पडलेलं बाळ धोक्यात असतं. एका कागदावर शू झाल्याच्या वेळा आणि पाजलेलं ओआरएस लिहून ठेवा. रात्रभर जागल्यावर काहीच आठवत नाही.

सुरुवातीला तोंड चिकट होतं, तहान वाढते, बाळ किरकिरं होतं, शू कमी आणि गडद पिवळी होते. मग डोळे खोल जातात आणि अश्रू येईनासे होतात. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट व्हायला हवी. हळू हळू मागे जात असेल, तर बरंच पाणी गेलंय. गुटगुटीत बाळात ही खूण फसवते आणि फार हडकुळ्या बाळात उलट्या बाजूनं फसवते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका. चिडचिड करणारं बाळ अचानक शांत झालं, तर 'आता झोप लागली' असं समजण्याआधी त्याला उठवून बघा. उठून प्यायलं तर ठीक. उठत नसेल तर लगेच निघा.

डायपर वापरत असाल तर पातळ शीमध्ये शू झाली की नाही हे कळत नाही. दिवसा थोडा वेळ साधं कापड वापरलं तर अंदाज येतो.

लहान बाळांनाच एवढा त्रास का होतो?

नवजात बाळाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. मोठ्या माणसात तो साठ टक्क्यांच्या आसपास. बाळाच्या शरीरात रोज होणारी पाण्याची देवाणघेवाण वजनाच्या मानानं खूप मोठी असते, आणि तहान लागली तरी त्याला उठून पाणी घेता येत नाही. मोठ्या माणसाचे दोन ग्लास पाणी गेले तर थकवा येतो. सहा किलोच्या बाळाचं तेवढं गेलं तर ते गंभीर असतं.

साधं पाणी का नाही चालत? ओआरएसमध्ये असं काय आहे?

आतड्याच्या पेशीवर एक दार असतं, जे मीठ आणि ग्लुकोज दोघं एकत्र आले तरच उघडतं. दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागून जातं. जुलाब चालू असतानाही हे दार बऱ्याच पेशींवर शाबूत असतं. १९६० मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी प्राग इथल्या परिषदेत ही जोडी मांडली, आणि ओआरएस किंवा जलसंजीवनी त्याच तत्त्वावर उभी आहे.

ती खरी कसाला लागली १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा अपुरा पडू लागला. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आयांचे आणि भावंडांचे होते. म्हणून 'घरी आम्हाला जमेल का?' असं कुणी विचारलं की मला ती छावणी आठवते.

२००२ पासून जे सूत्र वापरलं जातं, त्यात एक लिटर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. हे प्रमाण बिघडलं की औषधच बिघडतं. म्हणून पुडीवर लिहिलंय तेवढंच स्वच्छ पाणी मोजून घ्या, पुडी अर्धी करू नका, वरून साखर घालू नका, कालवल्यावर उकळू नका, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

नुसतं पाणी भरपूर पाजलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि लहान बाळाला त्यामुळे झटकेही येऊ शकतात. फळांचे गोड रस, सोडा आणि डब्यातली गोड पेयं उलट आतड्यात पाणी खेचतात आणि जुलाब वाढवतात. एखाद्या पेयावर 'इलेक्ट्रोलाइट' लिहिलंय म्हणून ते ओआरएस होत नाही. मागची बाजू वाचा.

पुडी मिळत नसेल तर?

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून नव्यानं करा. मीठ जास्त पडणं बाळाला घातक ठरतं. पुडी मिळेपर्यंतची ही सोय आहे.

किती पाजायचं?

पाण्याची कमतरता दिसत नसेल तर प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. अर्थात हेही सावकाश.

अंगावरचं दूध बंद करायचं का? आणि बाकीचं खाणं?

दूध मुळीच बंद करू नका. उलट जास्त वेळा पाजा. आईच्या दुधात पाणी आहे, साखर आहे, संसर्गाशी लढणारे घटक आहेत, आणि उलट्या होत असतानाही बाळ ते घेतं. पावडरचं दूध घेणाऱ्या बाळाला नेहमीचंच दूध नेहमीच्याच प्रमाणात द्या. पातळ करून देण्याची गरज नसते.

पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवायची समजूत अजून गेलेली नाही. नव्या पेशी बनायला अन्न लागतं. उलट्या कमी होऊन बाळ तरतरीत झालं की त्याचं रोजचं मऊ अन्न थोडं थोडं, जास्त वेळा द्या. नाही खाल्लं तर जबरदस्ती नको. एक-दोन दिवस भूक कमी राहिली तर चालतं, पिणं थांबून चालत नाही. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं दिलं तर उतरलेलं वजन भरून येतं.

अँटिबायोटिक का देत नाहीत? जुलाब थांबवायचं औषध तरी?

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. विषाणूच्या जुलाबात ते दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जुलाब वाढूही शकतात. शीमध्ये रक्त असेल किंवा कॉलऱ्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय तपासूनच होतो. घरात मागच्या वेळचं उरलेलं सिरप असेल तर त्याला हात लावू नका.

लोपेरामाइडसारखी मोठ्यांची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नका, चतकोरही नाही. ती आतड्याची हालचाल मंदावते, त्यानं पोट फुगू शकतं आणि बाळाला गुंगी येऊ शकते. शी थांबलेली दिसते, पण पाणी आतड्यातच साठत राहतं. उलटीसाठी डॉक्टर कधी कधी ऑन्डॅन्सेट्रॉनचा एखादा डोस देतात, जेणेकरून ओआरएस पोटात टिकावं. तो वजनावर ठरतो, म्हणून शेजारच्या मुलाची बाटली वापरू नये.

झिंक कशासाठी?

जुलाबाबरोबर झिंक शरीरातून जातं आणि अस्तराच्या दुरुस्तीला तेच लागतं. जागतिक आरोग्य संघटना ते १० ते १४ दिवस द्यायला सांगते. मात्रा वयाप्रमाणे डॉक्टर ठरवतील. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून बाटली बंद करू नका.

दात येताना जुलाब होतातच ना?

दात आणि जुलाब एकाच वयात येतात, एवढाच त्यांचा संबंध. या वयात बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते. दातांमुळे थोडी लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात. पाण्यासारखे जुलाब किंवा १०१ ताप दातांच्या माथी मारला, की खऱ्या आजाराकडे बघायला उशीर होतो.

नुसत्या उलट्या आहेत, जुलाब नाहीत. हाही गॅस्ट्रोच का?

पहिले काही तास असू शकतो. पण दिवस उलटला तरी शी नेहमीसारखीच असेल तर डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह, डोक्याला लागलेला मार, आतडं अडणं यांतही बाळ आधी उलट्याच करतं.

शीची तपासणी करायला हवी का?

बहुतेक वेळा नाही. विषाणूचं नाव कळल्यानं उपचार बदलत नाहीत. रक्त पडत असेल, जुलाब लांबले असतील, बाळ फार आजारी असेल किंवा पाळणाघरात साथ असेल तर करतात.

सलाईन लावलं की लवकर बरं होईल का?

जे बाळ पिऊ शकतं, त्याला तोंडानं दिलेलं ओआरएस तितकंच चांगलं. सुईचा त्रास वाचतो तो वेगळा. शॉक बसण्याइतकं, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याइतकं पाणी गेलं असेल, बाळ शुद्धीवर नसेल किंवा काहीच पोटात टिकत नसेल, तेव्हा मात्र सलाईन जीव वाचवतं आणि तेव्हा क्षणाचीही चालढकल नको.

रोटाव्हायरसची लस घेतली, तरी जुलाब झाले. मग लस घ्यायचीच कशाला?

प्रश्न रास्त आहे. ही लस फक्त रोटाव्हायरसवर आहे. नोरो, अ‍ॅडिनो, अ‍ॅस्ट्रो यांना ती अडवत नाही. आणि रोटाव्हायरसचाही सौम्य संसर्ग लसीनंतर होऊ शकतो. ती अडवते ते गंभीर आजारपण, म्हणजे दवाखान्यात भरती आणि मृत्यू. जुलाबांनी जगात अजूनही दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं दगावतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ही लस सगळ्या देशांसाठी सुचवली.

लस थेंबांची असते. पहिला डोस सहा आठवड्यांनंतर लवकरात लवकर द्यायचा, आणि कंपनीप्रमाणे एकूण दोन किंवा तीन डोस होतात. उशीर फार झाला तर ती सुरू करता येत नाही, म्हणून तारीख चुकवू नका.

धोक्याबद्दलही सांगायलाच हवं. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली पहिली लस पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली, कारण काही बाळांत आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात सरकण्याचा, म्हणजे इंटससेप्शनचा, प्रकार वाढलेला दिसला. आताच्या लसी वेगळ्या आहेत आणि मोठ्या चाचण्यांतून आल्या आहेत. त्यांच्यात हा धोका काही ठिकाणी दिसला तो फार कमी, अमेरिकेतल्या अंदाजानुसार २०,००० ते १,००,००० बाळांमागे एक. डोसनंतरच्या आठवड्यात बाळ थांबून थांबून कळवळून रडलं, उलट्या झाल्या किंवा शीमध्ये रक्त-आव दिसली तर लगेच दाखवा. आधी इंटससेप्शन झालेल्या किंवा प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर दोष असलेल्या बाळाला ही लस देत नाहीत.

घरातल्या बाकीच्यांना होऊ नये म्हणून काय करायचं?

साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद. शी धुतल्यावर, डायपर बदलल्यावर, पाजण्याआधी, स्वयंपाकाआधी. अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, नोरोव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही. आजारी बाळाच्या शीमध्ये अब्जावधी विषाणू असतात आणि लागण व्हायला मोजके कण पुरतात, हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला की हात आपोआप धुतले जातात. उलटी पडली तर आधी जुन्या कागदानं टिपून घ्या, मग ती जागा क्लोरीनच्या ब्लीचनं पुसा आणि किमान पाच मिनिटं ओली राहू द्या. खराब कपडे झटकू नका, वेगळे गरम पाण्यात धुवा. ज्याला त्रास होतोय त्यानं इतरांसाठी स्वयंपाक करू नये, आणि बरं वाटल्यावरही दोन दिवस टाळावा.

पाळणाघरात किंवा शाळेत कधी पाठवायचं?

शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन ४८ तास झाल्यावर. त्यानंतरही बरेच दिवस शीतून विषाणू बाहेर पडत राहतात, म्हणून हात धुण्यात ढिलाई नको.

एकदा झाला, पुन्हा होतो का?

होतो. विषाणू अनेक आहेत आणि त्यांचे पोटप्रकारही अनेक. रोटाव्हायरसचा पहिला संसर्ग सहसा सर्वांत जोराचा असतो, पुढचे सौम्य होत जातात. नोरोव्हायरसचे नवे प्रकार अधूनमधून येतच असतात, म्हणून तो आजी-आजोबांनाही पुन्हा गाठतो.

बाळ बरं झालं, पण दूध प्यायलं की पुन्हा फसफसती पातळ शी होते. असं का?

दुधातली साखर पचवणारं द्रव्य आतड्याच्या त्याच झडलेल्या टोकांवर असतं. नव्या पेशी तयार झाल्या तरी ते पूर्ववत व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. शी आंबट वासाची होते, ढुंगण लाल होतं, पोट गुडगुडतं. बाळ खेळत असेल आणि वजन वाढत असेल तर काही बदलू नका, अंगावरचं दूध तर नाहीच. जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले किंवा वजन घटू लागलं, तर मात्र बाळाला घेऊन जा आणि शू-शीचा तो कागदही सोबत न्या.